कोलेस्टेरॉलची गोळी आणि काष्ठौषधींची पुडी

चेन्नईच्या उपनगरी लोहमार्गावर पार्क नावाचे एक स्थानक आहे. तेथून हाकेच्या अंतरावर, सेंट्रल स्थानकासमोर, राजीव गांधी शासकीय सामान्य रुग्णालय उभे आहे. १६६४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांसाठी जे लहानसे रुग्णालय उघडण्यात आले, त्याचाच हा आजचा विस्तार होय. पार्कहून गाडी दक्षिणेकडे निघाली म्हणजे काही वेळाने तांबरम सॅनेटोरियम हे स्थानक येते. तेथे राष्ट्रीय सिद्ध संस्था व तिला जोडलेले रुग्णालय असून तिचे उद्घाटन २००५ साली झाले. सिद्ध ही तमिळ प्रदेशाची स्वतःची वैद्यकपरंपरा आहे. आयुर्वेदाशी तिचे नाते निकटचे, परंतु ग्रंथ, परिभाषा व औषधे सिद्ध करण्याच्या रीती पुष्कळशा स्वतंत्र. या दोन स्थानकांमधून रोज जी माणसे ये-जा करतात, त्यांत दोन्ही रुग्णालयांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत बाळगणारी काही असणारच.

ज्यांना चिठ्ठीचीही गरज वाटत नाही, त्यांच्यासाठी तिसरे ठिकाण आहे. मैलापूरच्या देवळाभोवतीच्या बाजारात काय किंवा पॅरीज कॉर्नरच्या गजबजलेल्या गल्ल्यांत काय, ‘नाट्टु मरुंदु कडै’ अशी पाटी दिसते. देशी औषधांचे दुकान असा त्याचा अर्थ. पुण्या-मुंबईकडे काष्ठौषधींचे दुकान असते, तसेच हे. अर्जुनाची साल येथे ‘मरुदम पट्टै’ या नावाने मिळते, मेथीला ‘वेंदयम’ म्हणतात, आणि सुंठ, मिरी व पिंपळी यांचे त्रिकटू ‘तिरिकडुगु’ या नावाने पुडीत बांधून देतात. हृदयासाठी काही द्या असे सांगितले, तर चारसहा जिन्नस कुटून त्यांचे मिश्रणही मिळू शकते.

आता असे एक गृहस्थ कल्पावेत. वय साठीच्या पुढे, नोकरीतून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी ते ॲटोर्वास्टॅटिनची एक गोळी घेतात. सकाळी अनशापोटी अर्जुनसालीचा काढा घेतात, कारण त्यांचे वडीलही घेत असत. मुलीने लसणाच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. परदेशी असलेल्या मुलाने हळदीच्या अर्काची बाटली धाडली आहे. डॉक्टर विचारतात, ‘‘आणखी काही औषधे चालू आहेत काय?’’ गृहस्थ शांतपणे ‘‘नाही’’ म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत. काढा आणि लसूण यांना ते औषधांत धरीतच नाहीत. पुढच्या आठवड्यात वैद्य नाडी पाहतात व आहारविहाराची चौकशी करतात. गोळीचे नाव तेथेही निघत नाही.

अशा गृहस्थांची संख्या थोडी नसावी. चेन्नईच्या मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानाने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने जी देशव्यापी पाहणी हाती घेतली, तिच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंदीगड यांचा समावेश होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार तपासलेल्यांपैकी १३.९ टक्के लोकांत एकूण कोलेस्टेरॉल अधिक होते, तर ७९ टक्के लोकांत रक्तातील मेदांचे कोणते ना कोणते प्रमाण बिघडलेले होते. गोळी लिहून दिली जाण्याचे प्रसंग वाढणार, हे यावरून उघड आहे. पुडीची सवय तर पिढ्यान्पिढ्यांची आहे.

गोळीचे मूळ

गोळी रसायनाची आणि पुडी निसर्गाची, असा भेद सर्वसाधारणपणे केला जातो. स्टॅटिन वर्गातील औषधांचा इतिहास पाहता हा भेद टिकत नाही. अकिरा एंडो हा जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ उत्तर जपानातील एका शेतकरी कुटुंबात जन्मला आणि सांक्यो या औषधकंपनीत काम करीत होता. बुरशीला इतर सूक्ष्मजीवांशी सतत झगडावे लागते. तेव्हा शत्रूच्या पेशीतील कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यांची निर्मिती बंद पाडणारे एखादे अस्त्र तिच्याजवळ असले पाहिजे, असा त्याचा तर्क होता. सहा हजारांहून अधिक बुरश्या तपासल्यावर १९७३ साली त्याच्या हाती असे द्रव्य लागले. ज्या निळसर हिरव्या बुरशीत ते सापडले, ती क्योटो शहरातील एका धान्याच्या दुकानातील तांदळावर वाढलेली होती. एंडोचे निधन २०२४ साली झाले. कोट्यवधी लोक आज घेत असलेल्या औषधवर्गाचा उगम वाण्याच्या दुकानातील बुरसटलेल्या तांदळात असावा, हे विलक्षण खरे.

पुढे अमेरिकेतील मर्क कंपनीच्या संशोधकांना दुसऱ्या एका बुरशीत लोव्हास्टॅटिन आढळले, आणि १९७९ साली एंडोने मोनॅस्कस या बुरशीतून मोनाकोलिन-के हे द्रव्य वेगळे केले. दोन्हींचा रेणू एकच निघाला. लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली. मोनॅस्कस कुळातील बुरशीने तांदूळ आंबवून लाल करण्याची प्रथा चीनमध्ये शेकडो वर्षांची आहे, आणि असा लाल तांदूळ आज कोलेस्टेरॉल कमी करणारे नैसर्गिक पूरक म्हणून कॅप्सूलमध्ये भरून विकला जातो. अनेक देशांतून तो मागविता येतो. जो मनुष्य स्टॅटिनच्या गोळीसोबत ही कॅप्सूल घेतो, तो एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेत असतो, आणि दुसऱ्या मात्रेचे वजन त्याला ठाऊक नसते. युरोपीय संघाने २०२२ साली नियम करून अशा पूरकांतील मोनाकोलिनची दैनिक मात्रा ३ मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचे बंधन घातले. शुद्धतेचा प्रश्न वेगळाच. २०२४ च्या मार्च महिन्यात जपानमधील कोबायाशी औषधकंपनीने लाल तांदळाची आपली पूरके बाजारातून परत बोलाविली, कारण ती घेणाऱ्या अनेकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. कारखान्यात शिरलेल्या एका निळ्या बुरशीने तयार केलेले प्युबेरुलिक आम्ल त्यात आढळले.

स्टॅटिनचे कार्य थोडक्यात असे. शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल आहारातून न येता यकृतात तयार होते. या निर्मितीच्या एका महत्त्वाच्या पायरीवर एक विकर, म्हणजे जीवरासायनिक क्रियेला गती देणारे प्रथिन, काम करीत असते. स्टॅटिन त्याला अडविते. निर्मिती घटली की यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राही वाढवितात आणि रक्तातील कमी घनतेची मेदप्रथिने, ज्यांना डॉक्टर एल.डी.एल. म्हणतात, अधिक प्रमाणात ओढून घेतात. या ग्राहींचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील आकडा उतरल्याने आयुष्य वाढते काय, ही शंका मात्र बरीच वर्षे शिल्लक होती. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवर सिंव्हास्टॅटिनची जी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी होते. अशी गोळी आपल्या मनाने बंद करणे किंवा दुसऱ्या कशाने निष्प्रभ होऊ देणे किती महाग पडू शकते, याचा अंदाज या आकड्यावरून येईल.

गुग्गुळाची कथा

वनस्पतीही कोलेस्टेरॉल उतरवितात, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने सर्वांत गंभीर साक्षीदार म्हणजे गुग्गुळ. राजस्थान व गुजरातच्या रुक्ष प्रदेशात वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचा हा डिंक. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचे वर्णन आहे. त्या वर्णनातील रोगक्रम आणि आधुनिक वैद्यकातील धमनीकाठिण्य यांत साम्य दिसल्यावरून बनारस हिंदू विद्यापीठातील जी. व्ही. सत्यवती यांनी गुग्गुळ सशांना देऊन पाहिला. १९६६ च्या त्यांच्या प्रबंधात रक्तातील मेद उतरल्याचे नमूद आहे. याच सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास गुग्गुळातील स्टेरॉइड द्रव्ये वेगळी केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याचा प्रमाणित अर्क तयार केला आणि त्याला गुगुलिपिड हे नाव दिले.

या अर्काच्या चाचण्या सात शहरांत झाल्या. मुंबई आणि नागपूर ही त्यांपैकी दोन. १९८९ साली प्रसिद्ध झालेला वृत्तांत बारकाईने वाचण्याजोगा आहे. जेथे डॉक्टर व रुग्ण या दोघांनाही काय दिले जात आहे हे माहीत होते, अशा चाचणीत २०५ रुग्णांपैकी ७० ते ८० टक्के लोकांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरले. गुगुलिपिड आणि क्लोफायब्रेट ही तेव्हाची गोळी यांची तुलना जेथे दोघांच्याही नकळत करण्यात आली, तेथे घट सरासरी ११ टक्के भरली. क्लोफायब्रेटने ती १० टक्के होती. डोळे झाकल्यावर आकडा निम्म्यावर यावा, ही केवळ गुग्गुळाची गोष्ट नाही. पुष्कळ औषधांच्या बाबतीत तसे घडते, आणि म्हणूनच असे झाकणे आवश्यक मानले जाते. तरीही गुगुलिपिड त्या काळच्या मान्य औषधाच्या बरोबरीचे ठरले होते, हे नाकारता येत नाही.

पुढे कथेला वळण लागले. २००२ साली अमेरिकन संशोधकांनी गुग्गुळातील द्रव्य पेशीतील एका विशिष्ट ग्राहीला अडविते असे दाखविले, तेव्हा जुन्या ग्रंथातील ज्ञानाला आधुनिक पुरावा मिळाला म्हणून सर्वत्र समाधान व्यक्त झाले. वर्षभरातच, २००३ साली, फिलाडेल्फियात १०३ प्रौढांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीचा निकाल आला. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे एल.डी.एल. ५ टक्क्यांनी उतरले होते आणि गुगुलिपिड घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्क्यांनी चढले होते. काहींच्या अंगावर पुरळही उठले. आहार वेगळा, शरीरप्रकृती वेगळी, म्हणून निकाल वेगळा, असे गुग्गुळाचे कैवारी म्हणतात. त्यात तथ्य असू शकेल. परंतु ज्याला आपल्या धमन्यांची चिंता आहे, त्याने एवढ्या भांडवलावर स्टॅटिन सोडून गुग्गुळ धरणे शहाणपणाचे नाही. खुद्द गुग्गुळाचे झुडूपही बेसुमार चिरा पाडल्यामुळे आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, आणि दुर्मिळ झालेल्या डिंकात भेसळ होण्याचा संभव वाढतो.

गोळीसोबत पुडी घेतल्याने काय होते, या प्रश्नाशी मात्र गुग्गुळाची आणखी एक नोंद निगडित आहे. मुंबईतील संशोधकांनी १९९४ साली निरोगी स्वयंसेवकांना गुगुलिपिडसोबत प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम ही रक्तदाब व हृदयविकारावरील औषधे दिली. दोन्ही औषधांचे रक्तातील प्रमाण घटले. गोळी नेहमीइतकीच, वेळ तीच, परंतु शरीराला मिळालेला वाटा लहान. असा रुग्ण डॉक्टरकडे गेला तर त्याचा रक्तदाब अकारण वाढलेला दिसेल आणि मात्रा वाढविली जाईल. गुग्गुळ बंद होताच तीच मात्रा जड होईल.

यकृताचे दार

हे असे का होते? पोटात आलेल्या परक्या द्रव्यांची विल्हेवाट लावण्यासाठी आतड्याच्या अस्तरात व यकृतात विकरांचे एक मोठे कूळ आहे. त्यांपैकी ३ए४ या क्रमांकाने ओळखले जाणारे विकर आजच्या औषधांपैकी फार मोठ्या हिश्शाचे विघटन करते. हे विकर औषध आणि वनौषधी असा भेद जाणत नाही. पिंपळीतील द्रव्य असो की कारखान्यातील, त्याला एकाच दारातून जावे लागते. एखादे द्रव्य दार अडवून बसले तर मागची गोळी रक्तात साचते. एखाद्याने यकृताला अधिक विकरे निर्माण करण्यास लावले तर गोळी काम करण्यापूर्वीच बाहेर फेकली जाते.

दार अडविण्याचा प्रकार प्रथम एका फळामुळे लक्षात आला. कॅनडातील संशोधकांनी एका प्रयोगात मद्याची चव लपविण्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तदाबावरील औषधाचे रक्तातील प्रमाण अनपेक्षितपणे चढले. ही नोंद १९८९ ची. १९९८ साली फिनलंडमध्ये असे दिसून आले की, हाच रस दाट स्वरूपात दिवसातून तीनदा घेतल्यास सिंव्हास्टॅटिनचे शरीरातील प्रमाण सुमारे सोळापट होते. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसे खाल्ले जात नाही. त्याचा मोठा भाऊ पपनस मात्र कोकणात आणि तमिळनाडूत, दोन्हीकडे, परिचयाचा आहे, आणि दार अडविणारी द्रव्ये त्यातही असतात. उलट प्रकाराचे उदाहरण सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय वनस्पतीचे. मन उदास असता ती घेतात. ती विकरांची संख्या वाढविते आणि सिंव्हास्टॅटिनचे प्रमाण घटविते.

येथे गोळीचे नाव महत्त्वाचे ठरते. सिंव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि बऱ्याच अंशी ॲटोर्वास्टॅटिन या दारातून जातात. रोसुव्हास्टॅटिन व प्राव्हास्टॅटिन यांचा मार्ग मुख्यतः वेगळा आहे. म्हणून शेजाऱ्याला पपनस बाधला नाही, सबब आपल्यालाही बाधणार नाही, हा युक्तिवाद फसवा आहे. शेजाऱ्याची गोळी कोणती, हे आधी पाहिले पाहिजे.

गोळी रक्तात साचल्यास धोका स्नायूंना असतो. स्नायू दुखतात, अशक्त होतात, आणि क्वचित प्रसंगी स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्य मूत्रपिंडात तुंबते. लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणे ही त्याची खूण, आणि ती दिसताच रुग्णालय गाठणे हाच उपाय. सेरिव्हास्टॅटिन हे याच वर्गातील औषध २००१ साली जगभरातून मागे घ्यावे लागले. अशा स्नायुनाशाने अनेक मृत्यू झाले होते, आणि जेमफायब्रोझिल या दुसऱ्या गोळीसोबत ते घेतले असता धोका फार वाढत होता. ती दोन्ही कारखान्यांतील औषधे होती. दोष वनस्पतीचा किंवा कारखान्याचा नसून दोन द्रव्यांच्या गाठीचा असतो, हे त्या प्रकरणाने दाखविले.

त्रिकटूची गोष्ट याहून जवळची. सुंठ, मिरी व पिंपळी ही त्रयी इतक्या योगांत का घातली जाते, या कुतूहलातून जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने १९८० च्या आसपास काम केले. मिरी व पिंपळी यांतील पायपरीन हे द्रव्य इतर औषधांचे शोषण वाढविते व त्यांचे विघटन मंदावते, असे त्यातून पुढे आले. १९९१ साली स्वयंसेवकांत प्रोप्रॅनोलॉल व थिओफिलीन यांच्याबाबत याचा प्रत्यय आला. या गुणाचा सदुपयोगही झाला. २००९ साली भारतात क्षयावरील रिफॅम्पिसिनची एक कॅप्सूल आली. तीत पायपरीन मिसळल्यामुळे ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन पुरते. प्राचीन योजकांच्या निरीक्षणशक्तीचे कौतुक वाटावे असेच हे आहे. पण जो घटक क्षयाच्या औषधाचे बळ वाढवितो, तो स्टॅटिनला वगळील असे समजण्यास काही कारण नाही.

यावरून मैलापूरच्या मनुष्याने मिरीचे रसम सोडावे काय? तसे नाही. रसमात मिरी चिमूटभर असते. प्रयोगांत दिलेली मात्रा शुद्ध पायपरीनची, रोज २० मिलिग्रॅमच्या घरातली, आणि सलग काही दिवसांची होती. स्वयंपाकघरातील मसाला आणि कॅप्सूलमधील अर्क यांचे नाव एक असले तरी मात्रेत फार अंतर असते. हळदीने हे स्पष्ट होते. हळदीतील कुर्कुमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. बंगलोरमधील संशोधकांनी १९९८ साली त्यासोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिले, तेव्हा माणसांत शोषण सुमारे वीसपट वाढले. तेव्हापासून हळदीच्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. म्हणजे ज्या अडसरामुळे हळद इतकी निरुपद्रवी होती, तोच काढून टाकला गेला. अमेरिकेतील यकृत-इजेच्या नोंदी ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ साली हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासता आलेल्या सात नमुन्यांपैकी तिनांत पायपरीन होते. त्या गृहस्थांच्या मुलाने प्रेमाने धाडलेली बाटली या जातीची असू शकेल.

अर्जुनाच्या सालीबाबत एवढे सांगता येते की, २००१ साली जयपूरच्या १०५ रुग्णांवरील एका महिनाभराच्या अभ्यासात तिने कोलेस्टेरॉल काहीसे उतरविले, आणि काचेच्या नळीतील प्रयोगांत तिचा अर्क यकृतातील विकरांना अडवितो असे दिसते. लसणाची परीक्षा अधिक कसून झाली. कॅलिफोर्नियात १९२ लोकांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाच्या गोळ्या किंवा निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. २००७ च्या निष्कर्षानुसार एल.डी.एल. कोणत्याही गटात लक्षणीय उतरले नाही. २०२२ साली रोसुव्हास्टॅटिनच्या लहान मात्रेची तुलना लसूण, हळद, दालचिनी, लाल तांदूळ इत्यादी सहा पूरकांशी करण्यात आली, तेव्हा गोळीने एल.डी.एल. सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले आणि पूरके निष्क्रिय गोळीच्या पुढे गेली नाहीत. ही चाचणी अवघ्या २८ दिवसांची होती आणि तिचा खर्च त्याच गोळीच्या उत्पादक कंपनीने केला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सर्वच सोबत वाईट, असा ग्रह होऊ नये म्हणून इसबगोलाचे नाव घ्यावे लागेल. हा भुसा आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतो. त्यांची भरपाई करण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल खर्च करावे लागते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज १५ ग्रॅम इसबगोल आणि १० मिलिग्रॅम सिंव्हास्टॅटिन यांचा परिणाम एकट्या २० मिलिग्रॅम सिंव्हास्टॅटिनइतका भरला. अट एकच, ती वेळेची. १९९१ साली लोव्हास्टॅटिनसोबत पेक्टिन किंवा ओटचा कोंडा घेणाऱ्या रुग्णांचे एल.डी.एल. उलट चढल्याची नोंद झाली, कारण तंतूंनी गोळीच धरून ठेवली. इसबगोल आणि गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवले म्हणजे ही अडचण उरत नाही.

दोन नोंदवह्या

मराठी वाचकाला येथे तंजावरची आठवण व्हावी. भोसले घराण्यातील दुसऱ्या सरफोजीने, ज्याची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी होती, धन्वंतरी महाल नावाची संस्था चालविली. देशी वैद्य आणि युरोपीय वैद्यक जाणणारे यांना त्याने एका छपराखाली आणले आणि रोग्यांची टिपणे ठेवविली. तेथील अनुभवसिद्ध योग पुढे तमिळ पद्यात ग्रथित झाले. दोन्ही पद्धतींच्या जाणकारांनी एकाच रोग्याविषयी एकमेकांशी बोलावे, ही सोय त्या काळी निदान एका राजवाड्याच्या आवारात होती.

आजची व्यवस्था वेगळी आहे. ॲलोपॅथीच्या औषधांचे दुष्परिणाम नोंदविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला आणि त्याचे केंद्र गाझियाबादला आहे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी स्वतंत्र यंत्रणा असून तांबरमची सिद्ध संस्था हे तिचे एक मधले केंद्र आहे. दोन्हींचे हेतू चांगले आहेत. परंतु ज्या रुग्णाला त्रास ना गोळीने झाला ना पुडीने, तर दोहोंच्या गाठीने, त्याची नोंद कोणत्या वहीत जायची? बहुधा कोणत्याच नाही, कारण ज्या डॉक्टरपुढे तो बसतो त्याला अर्धीच हकीकत माहीत असते. २०२० च्या साथीत चेन्नईत कबसुर कुडिनीर हा सिद्ध काढा मोठ्या प्रमाणावर वाटण्यात आला. त्याच्या पंधरा घटकांत सुंठ व पिंपळी आहेत. त्याने कोणाच्या गोळीचे काही बिघडले असे म्हणण्यास आधार नाही, आणि चार दिवसांच्या काढ्याची धास्ती घेण्याचेही कारण नाही. पण तो घेणाऱ्यांपैकी कितीजण स्टॅटिनवर होते, हे पाहण्याची संधी निघून गेली.

रुग्णाच्या मौनाला आणखी एक कारण असते. गोळीने अंग दुखते असे ऐकून किंवा अनुभवून तो ती गुपचूप सोडतो आणि तिच्या जागी काढा घेतो. २०२० साली लंडनमध्ये याच तक्रारीवरून स्टॅटिन सोडलेल्या ६० लोकांना आलटून पालटून स्टॅटिन, निष्क्रिय गोळी आणि काहीच नाही अशा पद्धतीने ठेवण्यात आले. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास जाणवला, त्याचा सुमारे ९० टक्के हिस्सा निष्क्रिय गोळीच्या महिन्यांतही होता. दुखणे खरेच होते, परंतु त्याचे कारण बहुतांशी गोळीतील द्रव्य नव्हते. हे डॉक्टरांना सांगितले गेले तर मात्रा कमी करणे, दुसऱ्या स्टॅटिनवर जाणे किंवा स्नायूंशी संबंधित रक्ततपासणी करणे असे मार्ग निघतात. न सांगता सोडली तर पुढच्या भेटीत वाढलेला आकडा तेवढा दिसतो.

डॉक्टरांनी प्रश्नच वेगळा विचारला तर यातून बरेच निभावते. ‘‘औषधे कोणती?’’ याऐवजी ‘‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जाते?’’ असे विचारावे. म्हणजे काढा, लेह्य, कॅप्सूल, फळांचा रस हे सर्व आपोआप बाहेर येते. वैद्यांनीही गोळीचे पाकीट पाहण्यास मागावे. सिंव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन यांतील फरक वर आलाच आहे. काष्ठौषधींच्या दुकानातून मिश्रण घेतल्यास घटकांची नावे पुडीच्या कागदावर लिहून मागावीत, कारण कुटलेल्या चूर्णावरून ती मागाहून ओळखता येत नाहीत. नवीन काही सुरू करायचे असेल तर एका वेळी एकच जिन्नस सुरू करावा, आधी रक्त तपासून घ्यावे व सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. त्या दोन आकड्यांच्या शेजारी, त्याच कागदावर, जिन्नस सुरू केल्याची तारीख लिहिलेली असावी.